मागल्या दारचे भाऊबंद

जनरेटरचं डिझेल संपलं म्हणून केरबाचा फोन आला, तेव्हा इंद्रजित कराडात बोलेरोचं टायर बदलून घेत होता. पौषातली दुपार होती. हवेत गुऱ्हाळाचा गोडसर धूर होता आणि रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर एकामागोमाग एक कारखान्याकडे निघाले होते. त्यानं पंपावर कॅन भरून घेतले, चहा घेतला आणि गाडी लाईनीकडे वळवली. केरबाचा आवाज जरा वेगळा लागला होता, पण ते त्यानं मनावर घेतलं नाही.

कराडहून मिरजेकडे जाणाऱ्या रेल्वेला दुसरा रूळ टाकायचं काम चाललं होतं. त्यातला खिंडीचा तुकडा इंद्रजितनं एका मोठ्या ठेकेदाराकडून पोटठेक्यानं घेतला होता. खिंडीच्या दोन्ही अंगांची जमीन त्याच्याच घरची, इनामदारांची. जुने लोक त्या जागेला लेकावळ्यांची खिंड म्हणत. असतील कुणी लेकावळे आडनावाचे, एवढंच इंद्रजितला लहानपणापासून वाटत आलं होतं.

कामावरची माणसं त्यानं जतच्या पलीकडून, पार सीमेजवळून आणली होती. नवराबायकोच्या जोड्या. लाईनीच्या कडेला पत्र्याची शेडं ठोकून त्यांची सोय केली होती. आल्या दिवशीच सगळ्यांची आधार कार्डं आणि मोबाईल गोळा करून त्यानं घरच्या कपाटात ठेवले होते. काम अर्ध्यावर टाकून माणसं पळू नयेत म्हणून असं करावंच लागतं, असं तो म्हणे. जबाबदारी हा शब्द त्याला आवडायचा.

गाडी शेडांजवळ थांबली, तेव्हा तिथं कुणीच काम करत नव्हतं. फावडी, घमेली एका ढिगात पडली होती. बाया-बापे आपापल्या गाठोड्यांना टेकून बसले होते, एसटीची वाट बघत बसावं तसे.

"काय झालं रं केरबा? बसलीत का सगळी?"

केरबा मुकादम, इंद्रजितच्याच गावचा. तो जवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मालक, तुमच्या भावानं बसवलंय त्यास्नी."

"कुणाच्या?"

"तुमच्या. मी जेवायला गेलतो. आलो तर ह्यांनी सामान बांधलेलं. म्हणत्यात, मालकाचा थोरला भाऊ आलता, त्यो बोलला."

इंद्रजित हसला. तो एकुलता एक. त्याचे वडील भाऊसो, तेही एकुलते एक. जी काय भावकी होती ती पाटणकडं, आणि तिच्याशी बोलणं कधीच तुटलेलं.

चंद्राबाई पुढं आली. चाळिशीची, काटक बाई. गँगमध्ये तिचा शब्द चालायचा. "मालक, तुमच्यागतच तोंड. भुवई बी तशीच, मधी तुटल्याली. पर अनवाणी. गुडघ्यापतूर धोतर, खांद्यावर पहार. खिंडीतनंच आला. म्हणला, गाठोडी बांधा... दरड बसायच्या आत निघा."

इंद्रजितचा हात नकळत आपल्या डाव्या भुवईकडे गेला. ती जन्मापासून मधे तुटलेली होती. वडिलांची, आबांचीही तशीच होती.

"कुणीतरी सोंग केलंय," तो म्हणाला. "हे काम माझ्याकडनं काढून घ्यायला टपलेत बरेच. उठा, कामाला लागा."

कुणी उठलं नाही. चंद्राबाई जागची हलली नाही. "मालक, कामाचं नंतर बोला. माझ्या लेकीचं दिवस भरल्यात. तिकडं तिच्याजवळ कोण न्हाई. माझं कार्ड आन् फोन तेवढा द्या. ती मोकळी झाली की मी माघारी येते. देवाच्यान् येते."

"एकीला सोडलं की सगळे निघतील, चंद्राबाई. खिंड उरकू दे. मी स्वतः गाडीनं पोचवीन."

"ती थांबत असतीया व्हय खिंडीसाठी?"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. ठेकेदाराच्या ऑफिसातून विचारणा होती, काम बंद का आहे. इंद्रजित चार पावलं बाजूला गेला. "काम थांबणार नाही साहेब. माणसं माझी आहेत. मी बघतो."

फोन ठेवून तो तडक खिंडीत शिरला. आत ऊन पोचत नव्हतं. दोन्ही बाजूंना लाल मुरमाचे उभे कडे, वर घाणेरीची झुडपं. बाहेर एवढा वारा, पण आत एक पान हलत नव्हतं. आणि वास येत होता... दगडी कोळशाचा, ओला, घशाला धरणारा. वर विजेच्या तारा चकाकत होत्या. कोळशाचं इंजिन या लाईनीवरून जाऊन माणसाचं आयुष्य लोटलं होतं.

जिथवर त्याच्या माणसांनी काम केलं होतं, तिथवर खडी सैल पसरली होती. त्याच्यापुढं, जिथं अजून कुणी पाऊलही टाकलेलं नव्हतं, तिथं खडी ठोकून घट्ट बसवलेली होती. हातानं. पहारीच्या टोकाचे ओरखडे दगडादगडावर दिसत होते. ताजे, पांढरे.

तो बराच वेळ तिथं उभा राहिला. मग त्याला रागच आला. भीतीपेक्षा राग सोपा असतो. परत येऊन तो केरबाला म्हणाला, "आज संध्याकाळी शेडांना बाहेरून कडी घाल. रात्रीतनं कुणी निघता कामा नये."

"मालक, बाया-माणसं हायत. कायतरी झालं तर..."

"काय होतंय?"

केरबा शेडांकडं वळला.

*

संध्याकाळी जेवताना इंद्रजितनं ही हकीकत हसत हसत सांगितली. घर त्यांचं नव्या पद्धतीचं, स्लॅबचं. हॉलमध्ये चांदीच्या मुठीची काठी भिंतीवर लावलेली. भाऊसोंच्या आजोबांना इंग्रजांनी रावसाहेबकी दिली होती, तेव्हाची. दसऱ्याला इंद्रजित ती हातात धरून फोटो काढून घ्यायचा. पहिल्या महायुद्धाच्या काळात इनामदारांनी रेल्वेला माणसं दिली, हे गावात भाषणांतून सांगितलं जायचं आणि घरात सगळ्यांना त्याचा अभिमान होता.

त्याची बायको अपेक्षा ताटं वाढत होती. ती कराडच्या एका प्राध्यापकाची मुलगी. तिला हे सोंग वगैरे ऐकून गंमत वाटली. पण भाऊसोंचा घास हातातच राहिला. ऐंशी ओलांडलेला माणूस, पण बुद्धी लख्ख.

"काय म्हणला त्यो?" त्यांनी विचारलं.

"दरड बसायच्या आत निघा."

"आन् भुवई तुटल्याली?"

"म्हणतात तसं. आबा, तुम्ही कशाला मनावर घेताय?"

भाऊसोंनी ताट बाजूला सारलं. "लेकावळे म्हंजे कोण, म्हाईत हाय का तुला?"

"असंल कुणाचं तरी आडनाव."

"आडनाव आपलंच. पर त्यास्नी लावायची मुभा नव्हती."

मग ते बोलत राहिले, कुणाकडं न बघता. पूर्वी घरात बटकी असायच्या. कुणी लग्नात आंदण म्हणून आलेल्या, कुणी दुष्काळात आईबापांनी दारात सोडून दिलेल्या. त्या विकत घेतलेल्या गुरांसारख्या घराच्या होत्या. त्यांच्या पोटी इनामदारांचीच पोरं जन्मायची. ती लेकावळी. जन्म गोठ्याशेजारी, राबणं रानात, जेवण मागल्या दाराच्या पायरीवर. पुढच्या दारानं यायचं नाही, नाव सांगायचं नाही, आणि घर सोडून जायचं तर नाहीच. कायद्यानं हे सगळं कधीच बंद झालं होतं. पण कायदा विचारायला त्या गावात कोण येणार होतं? आणि आला तरी तो इनामदारांच्याच ओसरीवर उतरायचा.

"लढाईच्या साली रेल्वेला माणूस मिळंना," भाऊसो म्हणाले. "तरणी पोरं सगळी पलटणीत गेल्याली. खिंडीत जोडलाईन टाकायची व्हती, पलटणीच्या गाड्या पुढं काढायला. सायबानं माझ्या आज्याला विचारलं. आज्यानं लेकावळी दिली. भाड्यानं. बैलजोडी द्यावी तशी. भाडं आज्याला, भाकरी त्यास्नी. त्यातली काय त्याची भावंडं व्हती... काय त्याचीच पोरं."

अपेक्षा हातातली पळी तशीच धरून उभी होती.

"सकाळच्या पारी दरड बसली. जुनी लाईन मोकळी व्हती. पर मातीखालची माणसं काढायची तर ती माती लाईनीवरच टाकाय लागणार. आतनं आवाज येत व्हता म्हणं. सायब म्हणला, गाडी अडवू, माणसं काढू. आज्या वर कड्यावर घोडं घेऊन उभा. म्हणला..." भाऊसोंनी भिंतीवरच्या काठीकडं बघितलं. "म्हणला, गाडी थांबवू नका. माणसं माझीच हायत."

दूर कुठंतरी मोटारीचा पंप चालू होता.

"रावसाहेबकी त्याच सालची."

"आबा, हे तुम्ही कधी सांगितलं नाही."

"सांगून काय करायचं व्हतं? काठी उतरवणार व्हतास?" ते उठले, भिंतीला धरून खोलीकडं निघाले आणि दारात थांबले. "मनुबाई म्हणून एक बटीक व्हती. म्हातारी झाल्याली, मी पोर असताना बघितलीया. मागल्या पायरीवर बसायची. गाडीची शिट्टी झाली की पदर सारखा करून उभी ऱ्हायाची... इंद्रजित, त्यो एकटाच आलता का रं?"

"कोण, आबा?"

"थोरला."

*

सकाळी कृष्णेवरून धुकं चढून आलं होतं. उसाचे फड, झाडं, खांब सगळं त्यात बुडालं होतं. इंद्रजित अपेक्षा उठायच्या आतच बाहेर पडला. रात्रभर त्याला नीट झोप नव्हती, आणि त्याचा सगळा राग त्यानं आता त्या सोंगाड्यावर काढायचं ठरवलं होतं. दिवसाउजेडी एकदा मानगूट धरली की संपलं.

शेडांच्या कड्या बाहेरून घातलेल्या होत्या. गाडीचा आवाज ऐकून आत खोकला झाला. मग पत्र्याला तोंड लावून चंद्राबाई म्हणाली, "मालक... कडी काढा वं. सपान लय वंगाळ पडलं. लेक हाका मारतीया मला."

"आलोच जाऊन," तो म्हणाला आणि पुढं गेला. मागं पत्र्यावर कुणीतरी तळहात मारत राहिलं. धुक्यात तो आवाज लवकर बुडाला.

खिंडीच्या तोंडाशीच त्याला दुसरा आवाज आला. लोखंड दगडावर आपटल्याचा. एक नव्हे, पुष्कळ पहारी, एका तालात. आणि दर ठोक्याआधी दबका, दमलेला एक हुंकार. हैश्शा... हैश्शा... कोळशाचा वास इतका दाट होता की जिभेवर चव आली.

"कोण आहे तिकडं?" तो ओरडला. "कुणाची माणसं तुम्ही?"

पहारी थांबल्या. सगळ्या एकदम.

"इनामदारांची," धुक्यातून उत्तर आलं.

"इनामदार मी आहे!"

मग त्याच आवाजानं, अगदी साधेपणानं, कसलाही राग नसलेल्या आवाजात सांगितलं, "आमी बी."

धुकं विरळ झालं नाही. तीच माणसं जवळ आली. गुडघ्यापर्यंत धोतरं, उघडी अंगं, केसांत, पापण्यांत, ओठांच्या कोपऱ्यांत लाल माती. इंद्रजितनं त्यांच्या तोंडाकडं बघितलं. आबांच्या तरुणपणच्या फोटोतलं नाक होतं. त्यांच्या मेलेल्या आत्याची हनुवटी होती, एका दाढी वाढलेल्या गड्याच्या तोंडावर. रावसाहेबांच्या तसबिरीतले खोल डोळे होते, पण त्यांत हुकूम नव्हता. आणि सगळ्यांत पुढं जो उभा होता, त्याच्याकडं बघणं म्हणजे आरशात बघणं होतं. फक्त हा आरसा कधी पोटभर जेवलेला नव्हता.

"लय उशीर केलास," तो म्हणाला. "धर."

पहार इंद्रजितच्या हातात आली. ती घ्यायची नाही असं त्याच्या मनात होतं, पण हातानं ती घेतली. लोखंड गारठलेलं होतं आणि बोटं त्याला चिकटली.

"मी... मला घरी..."

"घर कुठलं? आपल्याला पायरी हाय." त्यानं इंद्रजितच्या खांद्यावर हात ठेवला. हात जड होता, ओल्या मातीच्या पोत्यासारखा. "तू घटकाभर धर. मला जरा जाऊन यायचंय. लय दिसांनी कोणतरी बदली आलंय."

आणि तो निघून गेला. खिंडीच्या तोंडाकडं, शेडांच्या दिशेनं. पाठमोरा बघितला तर इंद्रजितच चालला होता, अंगावर त्याच्यासारखेच कपडे, फक्त पाय अनवाणी.

पहारी पुन्हा सुरू झाल्या. इंद्रजितचे हात वर गेले, खाली आले. तो थांबवू बघत होता, पण शरीर ऐकत नव्हतं. तालातून बाहेर पडायची जागाच नव्हती. तळहात सोलले, पाठ मोडायला आली. शेजारचा गडी त्याच्याकडं न बघता म्हणाला, "खाली बघून मार. वर बघायचं न्हाई."

मग शिट्टी झाली. जुन्या लाईनीवरून गाडी आली, बुटकी, काळी, धूर ओकणारी. डब्यांच्या खिडक्यांत खाकी कपड्यांतली पोरं बसली होती. याच गावांतली, याच खोऱ्यातली. त्यांची आठवण म्हणून चावडीच्या भिंतीत दगडी पाटी बसवलेली इंद्रजित रोज बघायचा. त्या पोरांनी खिंडीत काम करणाऱ्यांकडं एकदाही मान वळवली नाही. या माणसांची पाटी कुठंच नव्हती, हे त्याच्या त्या वेळी, त्या तशा अवस्थेत लक्षात आलं, आणि तोंडात कोळशाच्या चवीसारखं काहीतरी कडू कडू भरलं.

गाडी गेली. मागून दुसरीची शिट्टी दूरवर ऐकू आली. आणि वरून बारीक खडे ओघळायला लागले.

"आलं," शेजारचा म्हणाला. त्यानं पहार खाली ठेवली, बायकोनं चूल विझवून पाट घ्यावा तसा निवांत खाली बसला आणि डोळे मिटले. सगळेच बसले. रोजचंच असल्यासारखे.

इंद्रजित मात्र ओरडला. कडा खाली आला तेव्हा तो ओरडतच होता, आणि मग तोंडात माती गेली.

अंधार. छातीवर न पेलणारं वजन. कुठंतरी बाजूला कुणाची तरी बोटं त्याच्या बोटांना लागली आणि घट्ट धरून राहिली. वर, फार वर, माणसं बोलत होती. एक परका आवाज काहीतरी विचारत होता. मग घोड्याची टाप वाजली, आणि दुसरा आवाज स्पष्ट, मोठा, मातीतून झिरपत खाली आला...

"काम थांबणार नाही साहेब. माणसं माझी आहेत."

तो आवाज कुणा म्हाताऱ्या रावसाहेबाचा नव्हता. त्याचा स्वतःचा होता.

*

डोळे उघडले तेव्हा ऊन तोंडावर होतं. तो खडीवर पालथा पडला होता. कडे जागच्या जागी उभे होते, घाणेरी वाऱ्यानं हलत होती. शर्ट फाटलेला, तळहातांची कातडी लोंबत होती. त्यानं थुंकलं तर लाल चिखल पडला. चपला कुठंच नव्हत्या.

शेडं सताड उघडी होती. आत चुली थंड, गाठोडी नाहीत, माणसं नाहीत. केरबा एकटाच उलट्या घमेल्यावर बसला होता. इंद्रजितला बघून तो उठला, पण जवळ आला नाही.

"मालक... परत आला?"

"माणसं कुठं गेली?"

"आवं, तुमीच तर सोडली."

केरबानं जे सांगितलं ते असं. सकाळी धुक्यातून मालक चालत आले, हातात पिशवी. पिशवीत सगळ्यांची कार्डं आणि मोबाईल. स्वतः कड्या काढल्या, ज्याचं त्याच्या हातावर ठेवलं. एक शब्द बोलले नाहीत. रस्त्यावर जाऊन एक रिकामा ट्रक हात करून थांबवला आणि सगळ्यांना चढवून दिलं. चंद्राबाई पायाला हात लावायला वाकली, तर पाय मागं घेतले.

"तुमच्या पायात चप्पल नव्हती," केरबा म्हणाला. "मला तवाच... पर मी काय बोललो न्हाई. आडवा बी आलो न्हाई. मला वाटलं, कोण का असंना."

इंद्रजितला त्याच्यावर ओरडायचं होतं. घशातून नुसता मातीचा घरघराट निघाला.

घरी अपेक्षा अंगणातच भेटली. त्याचे हात बघून ती घाबरली, पाणी घेऊन आली, आणि पाणी ओतता ओतता रडायला लागली. "अहो, काय झालंय तुम्हाला? सकाळपासून असं काय करताय?"

"मी घरी आलोच नाही सकाळी."

"मग कोण आलं?" ती म्हणाली. "मागल्या दारानं आलात. कपाटाच्या किल्ल्या मागितल्यात. मी म्हटलं आत या, चहा घ्या. तुम्ही म्हणालात, मला आत यायची मुभा न्हाई. तिथंच पायरीवर बसून चहा प्यालात. कपातला नाही, बशी पुढं केलीत. पिशवी मीच भरून दिली."

"आबा कुठं होते?"

अपेक्षानं डोळे पुसले. "आबा आवाज ऐकून आले. तुमच्याकडं बघत राहिले. मग खाली बसले आणि तुमच्या पायांवर डोकं ठेवलं. बापानं लेकाच्या पायांवर. मी उठवायला गेले तर हात झटकला माझा."

"आणि तो... काय म्हणाला?"

"तुम्ही काहीच म्हणाला नाहीत. नुसती बशी धुऊन पालथी घातलीत आणि गेलात."

भाऊसो त्या दिवसापासून बोलले नाहीत. खोलीत झोपायचे ते मागल्या दाराशी, पायरीच्या आतल्या बाजूला अंथरूण घालून झोपायला लागले. इंद्रजित समोर बसला की त्याच्या तोंडाकडं टक लावून बघायचे, हा कोण, हे ठरवत असल्यासारखे. तो आठवडा काही त्यांनी पुरा केला नाही.

चंद्राबाईचं नंतर केरबाकडून कळलं. ती पोचली, पण लेक आदल्या संध्याकाळीच गेली होती. शेडांना कड्या घातल्या त्याच वेळेला. मूल जगलं होतं. इंद्रजितनं ऐकून घेतलं. त्याला विचारायचं होतं, आदल्या दुपारी सोडलं असतं तर... पण विचारायला समोर जे तोंड हवं होतं ते त्याच्यापाशी नव्हतं. त्यानं केरबाला चंद्राबाईच्या गावी जाऊन यायला सांगितलं. केरबा म्हणाला, "तुमी जावा की." आणि तो काही गेला नाही, आणि इंद्रजितही गेला नाही. खिंडीचं काम ठेकेदारानं दुसऱ्याला दिलं. तिथं आता मशिनं आणलीत म्हणतात.

*

भाऊसोंच्या दहाव्याला इंद्रजित कराडला संगमावर गेला. रीतीप्रमाणे भावकीनं केस द्यायचे असतात. पण पाटणची भावकी येणार नाही हे त्याला ठाऊक होतं. सकाळ उजाडून वर आली होती. घाटावर बऱ्यापैकी गर्दी होती. कुठं पिंडदान चाललेलं, कुठं कावळ्याची वाट बघत माणसं ताटकळलेली. कोयनेचं पाणी कृष्णेत शिरताना वेगळ्या रंगाचं दिसत होतं.

गुरुजींनी एका कोपऱ्याकडं बोट केलं. तिथं केस उतरवणारा बसला होता, पन्नाशीचा माणूस. वस्तरा धुवून पुसत होता आणि मधेच थांबून मनगट दाबत होता.

"बसा," तो म्हणाला. "तुमीच राहिलता व्हय शेवटचं?"

"शेवटचा म्हणजे?"

"इनामदारांचंच दहावं न्हवं? बाकीच्या भाऊबंदांची उरकली की. उजाडायच्या आधीपास्नं लागलोय. एका तोंडाची माणसं, ओळखाय येतंय. लय गरीब दिसली. बोलंना कोण. उतरवलं की उठून नदीकडं जायाची." त्यानं मान तिरकी करून इंद्रजितच्या भुवईकडं बघितलं. "थोरल्यानं सांगितलं, धाकला येईल, त्याचं बी करा."

इंद्रजितनं खाली बघितलं. दगडावर केसांचा ढीग होता. काळे, पिकलेले, राठ. पाण्यानं भिजलेले, आणि त्यातून लाल माती ओघळून पायरीवर उतरत होती. तो ढीग एका-दोघांचा नव्हता.

तो मुकाट्यानं बसला. डोक्यावर पाणी पडलं, वस्तरा फिरायला लागला. मान खाली घातल्यामुळं त्याची नजर दगडावरच होती, आणि ढिगाच्या कडेला, बाकीच्यांपासून जरा वेगळं ठेवलेलं, त्याला ते दिसलं. मूठभरच होतं. मऊ, भुरकं, रेशमासारखं. तान्ह्या पोराचं जावळ.

आबांनी सांगितलं त्यात सगळे मोठे गडी होते. खिंडीतही त्यानं पोर बघितलं नव्हतं. निदान दरड येईपर्यंत तरी नव्हतं. मग मातीखाली त्याच्या बोटांना येऊन लागलेली ती बोटं त्याला आठवली. किती लहान होती ती.

एवढं तान्हं पोर खिंडीत कुणी नेलं, आणि का, आणि गाडीची शिट्टी झाली की मनुबाई कुणासाठी उभी राहायची, हे सांगायला आता आबा नव्हते.